दुपदरी

तंगूस उन्हात धरला तर आधी दिसतच नाही. बोटांना त्याचा गुळगुळीत, गार ताण कळतो, पण नजरेला हवेखेरीज काही सापडत नाही. मग मनगट जरासं वळतं, ऊन त्याच्या अंगात शिरतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची एक रेघ नदीच्या दिशेनं पळत जाते, पाण्याला टेकते आणि विझते. एवढ्या असून नसल्यासारख्या वस्तूवर आपण केवढा भार टाकतो! पाण्याखालचा अख्खा जीव, त्याची उसळी, त्याचं भय, वाहत्या नदीचं वजन आणि काठावरच्या माणसाचा रोखलेला श्वास, हे सगळं त्या रेघेवर तोललेलं असतं. आणि ती तुटायची झाली तर सहसा मधे कुठे तुटत नाही.

गाठीपाशी तुटते.

सरळ तंगुसात ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. गाठ मारली की तिच्या तोंडाशी त्याला एकाएकी वळावं लागतं. वळणाची बाहेरची कड ताणली जाते, आतली दबते, आणि लांबच लांब अंगावर पसरलेला भार त्या इवल्याशा जागी गोळा होतो. वाऱ्यानं नकळत पडलेली एखादी साधी गाठ तंगुसाची ताकद जवळपास निम्म्यावर आणते. आपण गळ जोडतो आणि त्याच हालचालीत त्या धाग्यात एक दुखरी जागाही तयार करतो. या छंदात मला खरी ओढ लागली ती या दुखऱ्या जागेची. माशांची ओढ नंतरची.

आमचं जयसिंगपूर सरळ रेघांचं गाव. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं ते वसवलं तेच आखून-रेखून. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली, नुसता आकडा सांगितला तरी पाहुणा घरापर्यंत पोचतो. गल्लीच्या या तोंडाशी उभं राहिलं की त्या तोंडाचं आभाळ दिसतं. नदी मात्र गावात नाही आणि ती सरळही नाही. उदगावच्या अंगानं निघालं की काळ्या रानातून, दोन्हीकडच्या उसामधून रस्ता हळूहळू उतरत जातो, पानांच्या कडा एकमेकींना घासल्याचा कोरडा आवाज बरोबर चालत राहतो, हवेत ओल्या मातीचा वास दाटत जातो, आणि मग एका वळणावर ऊस संपतो आणि कृष्णा दिसते. रुंद, संथ, मातकट हिरवी. वर अंकलीकडे रेल्वेचा पूल. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ सालची; गाडी पुलावर चढली की तिचा घणघणाट पाण्यावरून सरकत काठाला येतो आणि गाठ मारणारी बोटं क्षणभर थांबतात.

इथून खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती, असे पाच पदर वर कोल्हापूरच्या अंगाला एकत्र आलेले. ते सगळं घेऊन ती वाडीला कृष्णेला भिडते. पावसाळ्याच्या तोंडी घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी कितीदा तरी पाहत राहिलो आहे: दोन पाणी एका पात्रात आली तरी लगेच एक होत नाहीत. काही अंतर ती आपापला रंग सांभाळून अंगाला अंग लावून चालतात, एक गढूळ तांबूस, एक जरा काळपट. मधली शिवण थरथरत राहते, कुठे भोवरा घेते, कुठे एकीचा पदर दुसरीत शिरतो, आणि पुढे कधीतरी, नेमकं कुठे ते कुणालाच दाखवता येणार नाही अशा जागी, दोन्ही मिळून एकच वजन वाहायला लागतात. दुपदरी तंगुसाचं जे काही मला कळलं आहे त्यातलं बरंचसं त्या पायऱ्यांवर कळलं.

गळाच्या जोडणीत मासा, आमिष, दांडी, चक्री यांच्याबद्दल सगळे बोलतात. दुपदराबद्दल बोलणारे थोडे. चक्रीवरून येणारा मुख्य तंगूस एकेरी असतो; बारीक, कारण बारीक असला तरच तो लांब जातो आणि पाण्यात नजरेला येत नाही. गळाजवळचा शेवटचा तुकडा मात्र जाड लागतो, कारण तिथे माशाचे दात, खडकाची कड, बाभळीची मुळं. जाड आणि बारीक एकमेकांना थेट बांधले की बारकाचं मरण. म्हणून बारकाच्या शेवटच्या वीतभर, हातभर भागाचे आधी दोन पदर करायचे आणि ते दोन पदर मिळून जाडाला जोडायचे. प्रश्न एवढाच की एकाचे दोन जिथे होतात ती जागा कशी बांधायची. तिथे दुबळी गाठ मारली तर पुढचे दोन पदर असून नसून सारखेच.

याचं सगळ्यात सुंदर उत्तर फार लांबून आलं आहे. अटलांटिकातल्या बहामा बेटांमध्ये बिमिनी नावाचं एक चिमुकलं बेट आहे. १९३० च्या दशकात मोठमोठ्या ट्यूना आणि मार्लिन माशांच्या मागे लागलेले लोक तिथे जमत. हेमिंग्वेनंही १९३५ पासून तिथे गळ टाकले. त्या बेटाचं नाव या गाठीला चिकटलं: बिमिनी ट्विस्ट. निळ्या खाऱ्या पाण्याची ही गाठ. ती आमच्या मातकट नदीच्या काठी, उसाच्या सावलीत मांडी घालून बांधताना मला नेहमी वाटतं की हातांना देश नसतो.

ती बांधायची अशी. तंगुसाचा मोठा फास करायचा, हात-दीड हात लांब, आणि पंजा त्यात घालून पीळ द्यायचा. वीस वेळा. मोजताना ओठ हलतात. मग खाली बसून फास दोन्ही गुडघ्यांवर चढवायचा, एका हातात मुख्य तंगूस, दुसऱ्यात सुटं टोक, दोन्ही ताणलेले, आणि गुडघे सावकाश, अगदी सावकाश एकमेकांपासून दूर न्यायचे. पीळ वर चढू लागतो, दाटतो, त्याचे फेरे एकमेकांना खेटतात. आता सुट्या टोकाचा हात थोडा खाली आणायचा, काटकोनाच्या जवळ, आणि त्याला किंचित ढील द्यायची. इथे जे घडतं ते पाहण्यासाठी मी ही गाठ गरज नसतानाही बांधतो. गुडघ्यांचा ताण तसाच ठेवला की टोक आपणहून वळतं आणि पिळावर उलट्या दिशेनं वेढे घेत खाली उतरू लागतं, एकाला एक लागून, कुणी न सांगता, जणू त्याला वाट पाठ आहे. बोटं फक्त सोबत करतात. वेढे पिळाच्या तळाशी पोचले की टोक फाशाच्या एका पदराभोवती एकदा अडकवायचं, मग दोन्ही पदरांभोवती तीन-चार फेऱ्यांची एक गाठ, ओठांनी ओली करून, हळू ओढून बसवायची. उरलेलं टोक कापायचं. हातात राहते ती बोटाच्या पेराएवढी, गव्हाच्या ओंबीसारखी भरलेली, दाणेदार गाठ, आणि तिच्यातून निघालेले दोन सारखे पदर.

ही गाठ ताकदवान का, हे बोटांनी चाचपलं तरी कळतं. तिच्यात एकही एकाएकी आलेलं वळण नाही. भार येतो तो पहिल्या वेढ्यावर थोडा उतरतो, दुसऱ्यावर थोडा, तिसऱ्यावर थोडा. पीळ किंचित दबतो, किंचित लांबतो, झटका स्वतःत जिरवतो, आणि फाशापाशी पोचेपर्यंत त्या भाराची धार गेलेली असते. नीट बांधलेली बिमिनी मूळ तंगुसाएवढाच भार पेलते. पुढची जोडणी दोन पदरांत होते. तिथे गाठीनं ताकद खाल्ली तरी दोन मिळून एकापेक्षा कमी पडत नाहीत. दुखरी जागा नाहीशी केलेली नसते. ती पसरून दिलेली असते, वीस फेऱ्यांत, इतकी विरळ की कुठेच दुखू नये.

उदगावच्या काठावर येणाऱ्यांत एक म्हातारे आहेत, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. सारी हयात इचलकरंजीत वहिफणीच्या कामात गेली. यंत्रमागावर नवा बीम चढायचा तर त्याची एकेक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवून घ्यावी लागते, तुटलेली टोकं सांधावी लागतात. मंद उजेडात, खटखटाटात, हजारो तारा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटून सुटतात तेवढ्यात त्यांची विणकराची गाठ पडलेली असते, चपटी, फणीतून न अडखळता सरकून जाणारी. त्यांची नजर आता अधू झाली आहे. बोटं झालेली नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बिमिनी बांधली तेव्हा त्यांनी काही न बोलता पाहून घेतली, माझ्या हातातून तंगूस घेतला, गुडघ्यांऐवजी पायाच्या अंगठ्यात फास अडकवला आणि डोळे जवळजवळ मिटून घेतले. वेढे उतरू लागले. मला वाटलं आता ओढतील. ओढलंच नाही त्यांनी. ओठांना लावून ओलं केलं आणि वाट पाहिली.

"आवळू नगंस," ते म्हणाले, "बसू दे तिला. आवळलेली गाठ आतनं जळती."

हे अक्षरशः खरं आहे. कोरडा तंगूस झटक्यात ओढला की पदर पदराला घासतो, घर्षणाची ऊब धरते आणि नायलॉनचं अंग तिथल्या तिथे दुबळं होतं. वरून गाठ देखणी दिसते, आत तिनं हार मानलेली असते. म्हणून थुंकीनं ओलं करायचं, म्हणून सावकाश. आण्णांना हे नायलॉननं शिकवलेलं नाही. सुतानं शिकवलं. वॅलेस कॅरोथर्सनं १९३५ साली अमेरिकेत नायलॉन तयार केलं त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं घोड्याच्या केसांना आणि रेशीमकिड्याच्या तातीला गळ बांधत होती, आणि त्यांच्याही ओठांना ती ओली चव ठाऊक असणार.

एकदा हे डोळ्यांत बसलं की आपला सगळा तालुकाच बांधलेला दिसायला लागतो. हिवाळ्यात उसाची तोड सुरू झाली की फडात बायका-माणसं वाकलेली असतात. तोडलेल्या उसाची मोळी बांधायला वेगळी दोरी नाही, उसाचंच वाढं घ्यायचं, दोन वाढ्यांना एकमेकांत पीळ द्यायचा, मोळीखालून सरकवायचं आणि गुडघा टेकून टोकं मुरगाळून खोचायची. हिरव्या पानांचा तो दुहेरी पीळ डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत, ट्रॉलीतून कारखान्यापर्यंत जातो आणि सहसा सुटत नाही. तिथेही गुडघाच, तिथेही पीळच. त्या बाईच्या हातांना कुणी कधी शाबासकी दिली असेल असं मला वाटत नाही.

सगळ्याच वेळी बिमिनी हवी असं नाही. गाठ निवडणं हे पाण्याकडे बघून ठरतं. बंधाऱ्याच्या फुगवट्यात, कमळाच्या आणि जलपर्णीच्या कडेला मरळ दबा धरून बसलेला असतो. रबरी बेडूक पानांवरून सरकवत आणला की खालून एकच धडक बसते, पाणी फाटतं, आणि पुढच्या दोन श्वासांत त्याला झाडोऱ्यातून बाहेर काढलं नाही तर तो मुळांत जाऊन बसतो. तिथे विणलेली दोरी हवी आणि पालोमार गाठ. दोरी दुपदरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायची, एक साधी सैल गाठ, आणि उरलेल्या फाशातून अख्खा गळ बाहेर काढून ओढायचं. नेढ्यावर दोन पदर मिठी मारून बसतात. अंधारातही जमते इतकी सोपी. तिच्या सोपेपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. मरळाची लालसर पिलं एका थव्यात पाण्याच्या वरच्या थराला तरंगत असली तर मात्र दोरी चक्रीवर गुंडाळून ठेवायची. आईबाप खाली राखण करत असतात आणि ते भुकेपोटी नव्हे, पिलांपायी बेडकावर धावून येतात.

स्पायडर हिच नावाची आणखी एक गाठ आहे, घाईत दुपदर करण्यासाठी. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत छोटा फास धरायचा, दोन्ही पदर अंगठ्याभोवती पाच वेळा गुंडाळायचे, छोट्या फाशातून काढायचे आणि ओढताना वेढे अंगठ्यावरून एकेक करून उतरू द्यायचे. वारा सुटलेला, बोटं गारठलेली, मासे खात आहेत, तेव्हा ती उपयोगी पडते. सावकाश वाढणारा ताण ती बिमिनीच्या तोडीनं पेलते. पण एकाएकी हिसका बसला तर ती बिमिनीसारखी दबत नाही, लांबत नाही. तिच्यात झटका जिरवायला जागाच नाही. मी ती बांधतो, पण तिच्यावर माझा जीव नाही.

या दुपदराला जगानं मर्यादाही घालून दिली आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांत गोड्या पाण्यात दुपदर सहा फुटांपर्यंतच चालतो; समुद्रात हलक्या दोरीला पंधरा, जड दोरीला तीस फूट. विक्रम मांडायचा तर एवढंच. मला हा नियम आवडतो. सगळी दोरीच दुपदरी करून बसलात तर माशाला बाजू उरत नाही. काठावरच्या माणसाला जी एकेरी जोखीम घ्यायची आहे ती त्यानं घ्यायलाच हवी.

आमच्या नदीत आता त्या नियमांना लागेल असा मासा क्वचित. कटला, रोहू मिळतात, चिलापी तर पोरंसोरंही काढतात, खोल डोहात शिवडा असतो, दगडांच्या कपारीत वाम. पण ज्याच्यासाठी बिमिनी बांधावी तो महसीर, आपल्याकडचा खडशी, तो कथेत गेल्यासारखा झाला आहे. सोन्याच्या रंगाचे मोठे मोठे खवले, जाड ओठ, आणि गळ लागताच प्रवाहाच्या दिशेनं मारलेली ती पहिली धाव. दख्खनच्या महसीराला शास्त्रीय नाव दिलं ते कर्नल साइक्सनं, १८३९ साली, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. ते पाणीही भीमेतून अखेर कृष्णेलाच येतं. आपल्या नदीचाच तो मासा. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं, अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ लागतो, वर चढून जायला मोकळी वाट लागते. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाची अंडी हातांनी फळवली, बोटाएवढी पिलं वाढवली आणि ती देशभरच्या पाण्यांत गेली. हाताच्या ओंजळीत एका जातीचा पुढचा पदर धरून ठेवण्याचं ते काम. मी ते केंद्र पाहिलेलं नाही, पण त्या ओल्या ओंजळी मला डोळ्यांसमोर दिसतात.

आणि इकडे उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी काळं होतं, फेसाळतं, आणि मेलेले मासे पांढऱ्या पोटांनी बरग्यांना लागून तरंगतात. वरच्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी. त्या दिवसांत काठावर उभं राहवत नाही. श्वास घ्यायला वर आलेल्या, तोंडं उघडी राहिलेल्या त्या माशांना कुठल्या गाठीनं, कुठल्या तंगुसानं धरायचं आणि कुठे सोडायचं?

सोडायचं. हा शब्द आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो. शेजारच्या आज्जी जैन, दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असतं, पाणी गाळूनच प्यायलं जातं, आणि मी दांडी खांद्यावर टाकून परतलो की उंबऱ्यात बसून त्या एकच विचारतात, "सोडलास न्हवं?" मी म्हणतो, "सोडला, आज्जी." त्यावर एकदा त्यांनी विचारलं, "मग धरतोस कशाला रं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. काय सांगणार? पाण्याखाली जे चाललं आहे ते मला दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्याशी काही क्षण एका धाग्यानं बांधलं जाणं, त्याच्या जिवाची धडधड माझ्या मनगटात उमटणं, यासारखं दुसरं काही मला माहीत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली; पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. तो प्रश्न त्यांनी तिथेच ठेवला आणि मीही तो अजून उचललेला नाही.

पण त्या प्रश्नानं माझ्या गाठी बदलल्या. तंगूस तुटला की काठावरचा माणूस हळहळतो, "सुटला!" म्हणतो. पण तो सुटलेला नसतो. जबड्यात गळ, मागे वावभर तंगूस, आणि तो तंगूस पहिल्याच मुळाला गुरफटला की मासा तिथेच फिरत राहतो, उपाशी, दमत, दोन दिवस, चार दिवस. नायलॉन लवकर कुजत नाही. माणसाच्या कितीतरी पिढ्या पुरून उरतं. एका थंडीत बाभळीच्या फांदीला लोंबकळणारा पाणकावळा मी पाहिला. पंखाला तंगुसाचे वेढे, चोच अर्धी उघडी, ओले पंख वाळवायला पसरावेत तसे पसरलेले. कुणाची तरी गाठ तुटली होती. गाठ मजबूत बांधायची ती मोठा मासा हाती लागावा म्हणून, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता मला ती मासा खरोखर, पूर्णपणे, जबड्यात काही न उरता सोडता यावा म्हणून हवी असते. जी गाठ टिकते तीच त्याला माझ्या ओल्या हातापर्यंत आणते, आणि तिथून त्याला त्याची नदी परत देता येते. गळाचा उलटा काटा मी चिमट्यानं दाबून टाकतो. हात पाण्यात भिजवून मगच माशाला लावतो. तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवायचं, कल्ले उघडतात, मिटतात, उघडतात. मग शेपटीचा एक जोरकस झटका तळव्याला बसतो.

गेला.

बिमिनी सुटत नाही. काम संपलं की ती कापावी लागते. हेही मला कृष्णाकाठानंच विचारात पाडलं. २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला नदी रानं ओलांडून घरांत आली. पाणी वाढतं तेव्हा वाडीला आधी दक्षिणद्वार सोहळा होतो, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडणाऱ्या पाण्यात लोक भक्तीनं न्हातात, आणि पुढच्याच रात्री तेच पाणी शिरोळ तालुक्यातल्या गोठ्यांत शिरतं. त्या रात्री गोठ्यातलं दावं कसं बांधलं आहे यावर जनावराचा जीव असतो. जुनी माणसं म्हशीला निरगाठ मारत नाहीत. सुरगाठ मारतात, एक टोक ओढलं की अंधारातही, छातीभर पाण्यातही मोकळी होणारी. आणि पूर्वी गुळाच्या काहिलीत माणसं बसवून नदी ओलांडायचे तेव्हा काहिलीच्या कडीला मात्र दोर दुहेरी बांधत, निरगाठीनं, दोनदा तपासून. काय सुटायला हवं आणि काय सुटता कामा नये हे ज्यांना पाण्याच्या भीतीत ठरवावं लागलं त्यांचं शहाणपण त्या दोन गाठींत आहे. मला गळाशी बसून ते ठरवायला निवांत वेळ मिळतो, हे मी विसरू नये.

पावसाळा सरला की बंधाऱ्यांना पुन्हा बरगे घालतात, पाणी अडतं, निवळत जातं, आणि पुरानं बाभळींवर, कुंपणांवर, उंबराच्या मुळांवर काय काय अडकवून ठेवलं आहे ते उघडं पडतं. त्या दिवसांत आण्णा आणि मी गळ नेत नाही. एक पिशवी आणि कात्री नेतो. काठानं चालत फांद्यांत अडकलेला तंगूस कापून काढायचा, बोटांभोवती गुंडाळून पिशवीत टाकायचा. जुना, पिवळट पडलेला, गाठींनी भरलेला. आण्णा प्रत्येक तुकड्याचं तुटलेलं टोक उजेडात डोळ्यांच्या अगदी जवळ नेतात आणि अंगठ्याच्या नखावरून फिरवतात. टोक खरखरीत, पिंजलेलं असेल तर दगडानं कापलं. लांब ताणून निमुळतं झालेलं असेल तर दोरी तिच्या ताकदीपर्यंत लढून गेली. असं टोक दिसलं की ते मान डोलावतात. आणि टोकाला बारीक कुरळी वळणं राहिली असतील तर ते ताबडतोब कळतं: गाठ तुटली नाही, सरकली. ती कधी बसलीच नव्हती.

परवा अशी कुरळी टोकं एकाच बाभळीवर लागोपाठ निघाली, एकाच जातीच्या हिरवट तंगुसाची. आण्णांनी ती तळहातावर ओळीनं मांडली, पाहिली, आणि मग बंधाऱ्याकडे नजर टाकली. तिथे उदगावची दोन पोरं चिलापीवर बसली होती, चक्रीवर तोच हिरवट तंगूस. आण्णा पिशवी माझ्या हातात देऊन त्यांच्याकडे चालू लागले. म्हाताऱ्या माणसाच्या मानानं बरेच भरभर.

"ए पोरा," लांबूनच त्यांनी हाक दिली, "गळ वर घे बाबा. दाव बघू तुझी गाठ."